सोसायटीचा ई-मेल: ३ जुलैचे पत्र गेले कुठे?

बी-४०२ (मंगळवार, सकाळी ७.१०)
सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून होणाऱ्या गळतीबद्दल मी ३ जुलै रोजी सोसायटीच्या अधिकृत ई-मेलवर चार फोटोंसह सविस्तर पत्र पाठवले होते. काल खजिनदार ताईंकडे चौकशी केली, तर असे कोणतेही पत्र मेलबॉक्समध्ये नाही, असे त्यांनी सांगितले. पत्र कोणी आणि का काढून टाकले, याचे उत्तर मला सचिवांकडून याच ग्रुपवर हवे आहे.

सचिव, सी-१०१ (७.४१)
काका, सुप्रभात. आपले पत्र मी ४ तारखेला कार्यालयातील संगणकावर वाचले आणि ५ तारखेला वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराला पुढे पाठवले. सोसायटीच्या मेलबॉक्समधून मी आजवर एकही पत्र डिलीट केलेले नाही. गेली दोन वर्षे रोज संध्याकाळी एक तास कार्यालयात विनामोबदला बसणाऱ्या माणसावर सकाळी सकाळी असा आरोप व्हावा, याचे मनापासून वाईट वाटते.

खजिनदार, ए-२०३ (७.५८)
मी कोणावरही आरोप केलेला नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद करायची म्हणून मी काल घरच्या लॅपटॉपवर, ब्राउझरमधून सोसायटीचा मेल उघडला. फ्लॅट क्रमांक घालून शोधले, ‘गळती’ असे लिहून शोधले, काहीही मिळाले नाही. कंत्राटदाराला पाठवलेला मेलही तिथे दिसत नाही. खरे सांगायचे तर सेंटमध्ये वर्षभरात सचिवांचा एकही मेल नाही, फक्त मी पाठवलेले आहेत.

ए-३०१ (८.०५)
म्हणूनच मी प्रत्येक सभेत सांगत आलो आहे की आवक-जावक रजिस्टर बंद करू नका. अप्पा बळवंत चौकातून आणलेले जाड रजिस्टर कार्यालयाच्या कपाटात अजून कोरे पडून आहे. त्यात नोंद असती, तर आज ही वेळ आली नसती.

डी-२०४ (८.०९)
छताबरोबर मेलबॉक्सही गळतो आहे, असे दिसते. 🙂

बी-४०२ (८.११)
ज्यांच्या ओट्यावर रात्रभर बादली ठेवावी लागत नाही, त्यांना विनोद सुचतात. माझा प्रश्न तसाच आहे: ३ जुलैचे पत्र कोणी काढले?

सी-५०४ (८.३०)
काका, सचिव काका आणि ताई, तिघेही खरे सांगत असण्याची शक्यता आहे. सचिव काका, कार्यालयात गेल्यावर थंडरबर्डमध्ये, म्हणजे आपण ज्यात मेल वाचता त्या सॉफ्टवेअरमध्ये, अकाउंट सेटिंग्ज उघडून, आपल्या पत्त्याखालच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये सर्व्हरचा प्रकार काय लिहिला आहे आणि खाली कोणत्या चौकटीत खूण आहे, ते इथे जसेच्या तसे लिहाल का?

सचिव, सी-१०१ (१०.४७)
मुद्दाम कार्यालयात आलो आहे. ‘पॉप मेल सर्व्हर’ आणि पोर्ट ९९५ असे लिहिलेले आहे. ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ यापुढे खूण आहे, त्याच्या खाली ‘फॉर अ‍ॅट मोस्ट’ यापुढेही खूण आहे आणि तिथे १४ दिवस असा आकडा आहे. हे मी केलेले नाही. मागील समितीच्या काळात बसवले तसेच चालू आहे. आणि आपले पत्र या संगणकावर आत्ता माझ्या समोर आहे, काका. चारही फोटोंसह.

सी-५०४ (११.२०)
मग उलगडा झाला. थोडे लांब लिहितो, पण कृपया पूर्ण वाचावे, कारण यात कोणाचाही दोष नाही.

पॉप ही मेल उतरवून घेण्याची पद्धत १९८४ सालची आहे. तेव्हा एका माणसाचे एकच यंत्र असायचे, म्हणून सर्व्हरवरून, म्हणजे आलेली पत्रे जिथे जमा होतात त्या इंटरनेटवरच्या संगणकावरून, पत्र उतरवून घ्यायचे, आपल्या यंत्रात ठेवायचे आणि सर्व्हर मोकळा करायचा, एवढेच तिचे काम. आपल्या संगणकाने काकांचे पत्र ४ तारखेला उतरवून घेतले, ठरवून दिल्याप्रमाणे १४ दिवस सर्व्हरवर राहू दिले आणि १८ तारखेच्या सुमारास तिथून काढून टाकले. ताईंनी २१ तारखेला ब्राउझरमधून पाहिले, म्हणजे थेट सर्व्हरवर पाहिले, आणि तिथे ते नव्हतेच. पाठवलेल्या मेलचेही तेच. पॉप खात्यातून गेलेल्या पत्राची प्रत त्याच यंत्रातील सेंट फोल्डरमध्ये राहते, ती सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सचिव काकांनी वर्षभरात केलेला सगळा पत्रव्यवहार ताईंना दिसला नाही.

याला उपाय आयमॅप. ही पद्धत १९८६ पासूनची आहे आणि तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. कार्यालय, ताईंचा लॅपटॉप आणि उद्याच्या सचिवांचे यंत्र या सगळ्यांना तेच फोल्डर, तेच सेंट आणि वाचलेले-न वाचलेलेही सारखेच दिसते. सोसायटीचा पत्रव्यवहार सोसायटीचा आहे, तो एका हार्ड डिस्कवर अवलंबून राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ती डिस्क उद्या बिघडली, तर सहा वर्षांची पत्रे जातील.

बी-४०२ (११.३४)
सविस्तर माहितीबद्दल आभार. परंतु १८ तारखेला पत्र काढले गेले, हे तर खरेच. १४ हा आकडा कोणी घातला?

खजिनदार, ए-२०३ (११.४०)
काका, तो कोणी घातला हे शोधून आता काय मिळणार? सचिवांनी मला पासवर्ड देण्याऐवजी गेल्याच वर्षी हा संगणक एकदा उघडून दाखवला असता, तर मला हे तेव्हाच दिसले असते. हे मी तीन वेळा मागितले होते, एवढेच नमूद करते.

सचिव, सी-१०१ (११.४६)
मी तीनही वेळा ‘संध्याकाळी सहानंतर या’ असे उत्तर दिले होते, तेही ताईंनी नमूद करावे.

डी-६०१ (११.५२)
नवीन काही करण्यापूर्वी विचारतो, हे सॉफ्टवेअर फुकट मिळते ना? फुकटच्या गोष्टीवर सोसायटीची कागदपत्रे सोपवणे कितपत योग्य आहे? आणि विषय निघालाच आहे तर पाहुण्यांच्या पार्किंगचेही

सी-५०४ (१२.०४)
पार्किंगचे वेगळे बोलू, काका. थंडरबर्ड मोझिलाचे आहे, फायरफॉक्स ब्राउझर ज्यांचा आहे तेच. त्याची १.० आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी आली. ते देणग्यांवर चालते आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता येतो. शिवाय आपली पत्रे त्यांच्याकडे जात नाहीत. ती आपल्या मेल सर्व्हरवर आणि आपल्या संगणकावर असतात.

ए-३०१ (१२.१०)
रजिस्टरला सर्व्हर लागत नाही. वीज गेली तरी ते उघडते.

सी-५०४ (१२.२५)
काका, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो यात बसवता येतो. आयमॅप खात्यातही ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये पत्रांची प्रत संगणकावर ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे इंटरनेट नसतानाही जुनी पत्रे वाचता येतील. आणि आवक नोंदीसाठी फिल्टर लावू: पत्र आले की ‘आपले पत्र मिळाले’ असे ठरीव उत्तर टेम्प्लेटमधून आपोआप जाईल. मात्र हे फिल्टर थंडरबर्ड चालू असतानाच काम करतात, म्हणून ते फक्त कार्यालयातल्या संगणकावर ठेवू. दोन्हीकडे लावले, तर सभासदांना दोन-दोन पोच मिळतील.

ए-३०१ (१२.३१)
पोच मिळणार असेल तर उत्तम. तरीही रजिस्टरही ठेवावे, असे माझे मत आहे.

सचिव, सी-१०१ (१२.४०)
३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची आहे. त्याआधी सगळी जुनी पत्रे हाताशी हवीत. आपण शनिवारी याल का? चहा मी आणतो.

सी-५०४ (१२.५५)
येतो, काका. तोपर्यंत दोन गोष्टी कराव्यात. ‘फॉर अ‍ॅट मोस्ट’ आणि त्याखालची ‘अंटिल आय डिलीट देम’ या दोन्हींची खूण आजच काढावी, म्हणजे आणखी पत्रे सर्व्हरवरून जाणार नाहीत. आणि तपकीर गल्लीतून १ टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क आणून ठेवावी. थंडरबर्ड बंद करून त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर (ज्यात सगळी पत्रे आणि सेटिंग्ज असतात) तिच्यावर उतरवल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाही.

खजिनदार, ए-२०३ (१.१०)
हार्ड डिस्कचे बिल सोसायटीच्या नावाने घ्यावे. आणि एक विनंती, त्या पडद्यावरची अक्षरे इतकी बारीक आहेत की मराठी पत्रातले रफार आणि अनुस्वार मला दिसतच नाहीत. मागे ‘वर्षा’ आणि ‘वषा’ यांत फरक कळला नव्हता.

सी-५०४ (१.१८)
तेही करू, ताई. फॉण्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात देवनागरी लिपी निवडून निर्मला यूआय लावू आणि किमान आकार १८ ठेवू. डावीकडची यादी मोठी करायची सोय वेगळ्या ठिकाणी, मेनूतल्या ‘फॉण्ट साइझ’मध्ये आहे, तिथेही दोन पायऱ्या वाढवू.

बी-४०२ (शुक्रवार, रात्री ९.०२)
उद्याच्या कामात माझ्या ३ जुलैच्या पत्राचा विसर पडू नये, एवढीच आठवण.

सी-५०४ (शनिवार, रात्री ८.१५)
सर्वांच्या माहितीसाठी आज काय झाले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी समितीत आले तरी शोधाशोध होणार नाही.

थंडरबर्डमध्ये पॉप खात्याचे रूपांतर आयमॅपमध्ये होत नाही. त्याच पत्त्याचे दुसरे खाते नव्याने जोडावे लागते. ते ९९३ पोर्टवर जोडले. जुन्या पॉप खात्याचे आपोआप मेल तपासणे पूर्ण बंद केले. हे महत्त्वाचे होते, कारण आपण सर्व्हरवर चढवलेली पत्रे त्याने पुन्हा उतरवून घेतली असती. त्यानंतर इनबॉक्स आणि सेंटमधील पत्रे वर्षावर्षाने निवडून नव्या खात्यात कॉपी केली, मूव्ह नाही. जुने खाते महिनाभर तसेच राहू द्यावे आणि ताईंनी मोजून खात्री केल्यावरच काढावे. २०२१ चे फोल्डर दोनदा मध्येच थांबले, म्हणून ते थोडे थोडे करून चढवले. सचिव काका पूर्ण वेळ शेजारी बसून प्रत्येक फोल्डरचे आकडे कागदावर टिपून घेत होते. इनबॉक्स आणि सेंट दोन्ही जुळले.

‘थकबाकी’, ‘दुरुस्ती’ आणि ‘भाडेकरू’ असे तीन टॅग केले आहेत. पत्र निवडून १, २ किंवा ३ दाबले की टॅग लागतो. टॅगची खूण सर्व्हरवरून दोन्हीकडे दिसते, पण त्याचे नाव आणि रंग प्रत्येक यंत्रावर वेगळे असतात, म्हणून ताईंच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड बसवून तिथेही हीच नावे लिहिली आहेत. आणि प्रायमरी पासवर्ड लावला आहे, म्हणजे कार्यालयात कोणीही बसले तरी साठवलेला पासवर्ड सहज पाहू शकणार नाही.

खजिनदार, ए-२०३ (८.२९)
मला घरी बसून सचिवांचे ५ जुलैचे पत्र दिसले. कंत्राटदाराला त्यांनी ‘पावसात उशीर चालणार नाही, घरात ज्येष्ठ नागरिक आहेत’ असे स्पष्ट लिहिले होते. ८ तारखेला स्मरणपत्रही पाठवले होते. मला हे माहीत नव्हते. सचिव साहेब, मंगळवारचे माझे शब्द मी मागे घेते.

सचिव, सी-१०१ (८.३३)
ताई, तेवढे चालायचेच. मीही दुपारची वेळ द्यायला हवी होती.

ए-३०१ (८.३६)
आजपासून रजिस्टरमध्ये मी स्वतः नोंद सुरू केली आहे. पहिली नोंद बी-४०२ यांच्या पत्राची आहे.

बी-४०२ (८.५०)
पत्र सापडले, याबद्दल सर्वांचे आभार. सचिव, माझ्या बोलण्यात कडवटपणा आला असेल तर राग मानू नये. आता एकच विनंती आहे: कंत्राटदार कोणत्या तारखेला येणार, याचे उत्तर ग्रुपवर न देता माझ्या त्याच पत्राला रिप्लाय म्हणून ई-मेलवर द्यावे, म्हणजे ते सेंटमध्ये राहील.