घरचा ग्रुप : ताई व्हिएतनामच्या हनोईत

ताई: सुप्रभात सगळ्यांना. इथं साडेसहा वाजलेत, तुमच्याकडं पाच. खाली आले तर अख्खी गल्ली जागी! फुटपाथवर वीतभर उंचीचे प्लास्टिकचे स्टूल, त्यावर ऑफिसला निघालेली माणसं गुडघे पोटाशी घेऊन फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं गरम सूप, खातायत. पातेल्यातून चक्रफूल, दालचिनी, भाजलेल्या आल्याचा वास. मागोमाग माशाच्या सॉसचा दर्प, तो मात्र नाकातून लवकर जात नाही.

आजी: तू काय खाल्लीस ते सांग आधी.

ताई: 'कॉम चाय' अशी पाटी बघायची आजी, तिथं शाकाहारी भात मिळतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बरेच लोक मांसाहार करत नाहीत.

आजी: म्हणजे अमावस्या-पुनव पाळतात की. बरं झालं माय.

मोठे काका: जुन्या बाजारात गेलतीस का? छत्तीस गल्ल्या म्हणतात ते?

ताई: काल दिवसभर तिथंच होते काका. आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजाराला सोळा रस्ते मिळतात, सोनं, चपला, मिरची, गूळ, ज्याची त्याची ओळ वेगळी. अगदी तसंच. हांग बाक ही गल्ली चांदीची, हांग मा पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची. लान ओंगमध्ये सगळी काष्ठौषधीची दुकानं, वळणावरच वाळलेल्या साली-मुळ्यांचा वास येतो. मी तर मोबाईलचा नकाशा बंदच केला. आणि हांग थिएक! तिथं पत्र्याचं काम चालतं. एक कारागीर फुटपाथवर उकिडवा बसून डबा ठोकत होता. मधे ठोकला की आवाज घुमायचा, कडेला आला की बारीक, टणटण. कितीतरी वेळ उभी राहिले. गाडीत बसून शहर बघणाऱ्यांना हे कळायचंच नाही.

छोटू: ताई, रस्ता कसा ओलांडलालीस? व्हिडिओत नुसत्या गाड्याच दिसलालेत.

ताई: पळायचं नाही, थांबायचंही नाही. एका चालीनं चालत राहायचं, दुचाकीवाले बाजूनं काढतात. मधेच थबकलं की त्यांचा अंदाज चुकतो.

काकू: नको गं बाई. कुणाचा तरी हात धरून जात जा.

मोठे काका: कॉफी प्यालीस का नाही?

ताई: प्याले की! ग्लासावर 'फिन' ठेवतात, धातूची छोटी गाळणी. तळाशी आटवलेलं गोड दूध, वरून थेंब थेंब काळा अर्क. रोबस्टा कॉफी जगात सगळ्यात जास्त याच देशात पिकते, चव चांगलीच कडू. अंड्याचीही कॉफी असते, १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा बलक फेटून घालायला लागले.

काकू: ई, ती नको पिऊ.

आजी: फोटो बस झाले आता. त्या पत्रेवाल्याचा आवाज धाड मला.

ताई: आज परत जाते आजी. दुकानं उघडली की रेकॉर्ड करून टाकते.