मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या तोफखान्याचा विनोदी नकाशा, ओळख आणि दुरुस्ती

मलप्रभाकाठ: नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या देणगीबरोबर एक छापील नकाशा आलाय. रुंदी ५० सें.मी., उंची ७५, आठ घड्या, घड्यांवर सेलोटेप. इटलीवर तारांतोपासून पो नदीपर्यंत लाल तुटक रेघ, आणि वाटेत व्यंगचित्रं: आसापर्यंत रुतलेली गाडी, वल्ही मारत नदी पार करणारी लॉरी, सिगारेट देऊन अंडी घेणारा तोफेवरचा गोलंदाज. कोपऱ्यात पिवळी क्लोव्हरची पानं. रेजिमेंटचं नाव असलेला वरचा पट्टा फाटून गेलाय. गावात सगळे म्हणतात मराठा रेजिमेंटच. ओळखायचं कसं? टेप कशी काढायची? आणि भिंतीसाठी दीड मीटर रुंद प्रत हवी आहे. फ्लेक्सवाला म्हणतो मोबाइलवर फोटो काढून पाठवा.

पंचवीस_पौंडी: क्लोव्हरचं पान म्हणजे ८व्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह. ती सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली, रेघ जुळते. पण ‘मराठा’ इतक्यात लिहू नका की ओ. या डिव्हिजनमध्ये ४थी मराठा अँटी-टँक (रणगाडाविरोधी) रेजिमेंट होती हे खरं, पण ३, ५२ आणि ५३ या फील्ड (मैदानी तोफांच्या) रेजिमेंट ब्रिटिश तोफखान्याच्या, रॉयल आर्टिलरीच्या होत्या. चेहऱ्यांवरून काही कळणार नाही, व्यंगचित्रात नाकं सगळ्यांचीच लांब. तोफ बघा. ओढणारी गाडी आणि तोफ यांच्यामध्ये दोन चाकांची चौकोनी पेटी असेल तर ती लिंबर, म्हणजे २५ पौंडी, म्हणजे फील्ड. तोफेखाली गोल चकती दिसली तर प्रश्नच मिटला. पेटी नाही, तोफ बुटकी, मागचे दोन पाय फाकवलेले, तर ६ पौंडी (५७ मि.मी.) अँटी-टँक तोफ, मग मराठ्यांचा दावा बळकट.

रेघ वाचताना लोक हमखास फसतात. अशा नकाशात माप नसतं, जिथं फजिती झाली तिथं चित्रकार जागा फुगवतो. त्यात ही डिव्हिजन आधी एड्रियाटिकच्या, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या बाजूनं वर गेली (बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो या नद्या), मग डोंगर ओलांडून कासिनोकडे आली आणि मे १९४४ मध्ये गारी नदी पार केली. पुढं फ्लॉरेन्स, डिसेंबरात सेर्कियोचं खोरं, आणि एप्रिल १९४५ मध्ये पुन्हा पूर्वेला सेनियो नदी. वल्ह्यांची लॉरी सांग्रोजवळ असेल तर नोव्हेंबर १९४३ धरा, तेव्हा पुरानं पूल वाहून गेले होते. सेनियो ओलांडली ९ एप्रिल १९४५ ला. मराठा नाव लावायचंच असेल तर इथं हक्कानं लावा: १/५ मराठा या पायदळ पलटणीच्या नामदेव जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच दिवसाचा.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून खऱ्या नकाशावर बसवायला जाऊ नका, चित्रांची वाट लागते. शेजारी साधा नकाशा लावून त्याच ठिकाणाला दोन्हीकडे तोच क्रमांक टाका.

खळ_आणि_पुठ्ठा: टेपला हात लावण्याआधी स्कॅन करा. काढताना काही गेलंच तर निदान चित्र तरी राहील.

टेप सरळ वर ओढायची नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून टेपच्या बाजूनं ऊब द्या, आणि टेप स्वतःवरच दुमडत, कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश मागं न्या. छपाई उचलली जातेय असं दिसलं की थांबा. उरलेला चिकटा क्रेप रबरानं (कच्च्या रबराच्या खोडरबरानं) गोळा होतो. पिवळा डाग तसाच राहू द्या. थिनर, पेट्रोल मुळीच नको, त्यानं शाई पसरते.

फाटलेल्या जागी मागून जपानी टिश्यू (पातळ, लांब तंतूंचा कागद), चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅमचा. पट्टी कात्रीनं कापू नका, पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू कागदात मिसळतात. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळून गाळायची. बाइंडरकडची मैद्याची खळ आणू नका. तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात आणि ते कागदाला खातं. आधी ओल्या कापसाच्या बोळ्यानं प्रत्येक रंग कोपऱ्यात तपासा, लाल बहुधा दगा देतो. वर टीपकागद, काच, वजन, रात्रभर.

आणि हे पावसाळ्यात करू नका. खानापूरच्या हवेत ओला कागद वाळतच नाही, बुरशी धरते. दिवाळीनंतर बघा. लॅमिनेशनचं नावही काढू नका.

ए३_स्कॅन: फोटोनं घड्यांच्या सावल्या येतील. ए३ स्कॅनरवर चार तुकड्यांत बसतो, दोन्ही दिशांना सुमारे ९ सें.मी. एकावर एक येतं. झाकण काढून ठेवा. दुसऱ्या अर्ध्यासाठी कागद दुमडायचा नाही, १८० अंशांत फिरवायचा. काचेभोवती उंच कड असलेला स्कॅनर नको, तिथं कागद उचलला जाऊन अक्षरं पुसट येतात. ६०० डीपीआय, टिफ, ऑटो कलर बंद. ३०० वर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी भांडतात आणि लाटा दिसतात. तुकड्यांची जोडणी ह्युजिन या सॉफ्टवेअरमध्ये करा, फाइल सव्वासहाशे एमबीच्या आसपास होईल.

पण दीड मीटर रुंदी म्हणजे उंची सव्वादोन मीटर, भिंत मोजा आधी. १ मीटर बाय दीड मीटरला प्रत ३०० डीपीआयची येते, तेवढी भरपूर. फ्लेक्स चकाकतो, मॅट कागद घेऊन सनबोर्डवर लावा.

मलप्रभाकाठ: बघितलं. रुतलेल्या गाडीमागं पेटी आहे, तिच्यामागं तोफ.

पंचवीस_पौंडी: मग फील्ड. नाशिकरोडच्या भारतीय तोफखान्याच्या रेकॉर्ड कार्यालयाला पत्र टाकून उपयोग नाही, ब्रिटिश रेजिमेंटच्या युद्धडायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १७० मालिकेत आहेत. तिन्हींपैकी कोणती हे ठरवायला खालच्या कडेला छापखान्याची बारीक ओळ आणि चित्रांतल्या पाट्यांवर कुठं ३, ५२, ५३ लिहिलंय का ते भिंगानं बघा. स्कॅन झाला की तो कोपरा इथं टाका.