हायवेवरचा जुना पूल पाडून नवा होणार, नगरपरिषद आणि पीडब्ल्यूडी मिळून. आधी काय काय विचारून घ्यावं?

नदीपलीकडची
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे, नाव टाकत नाही. राज्य महामार्ग गावातूनच जातो आणि नदीवर जुना दगडी पूल आहे, इतका अरुंद की दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. अवजड वाहनांना बंदीचा बोर्ड लागून दोन वर्षं झाली, पण उसाचे ट्रॅक्टर रात्रीचे जातातच. आता ठरलंय की पूल पीडब्ल्यूडी बांधणार आणि जागा, पाण्याची लाइन, दिवे हे नगरपरिषद बघणार. आनंदच आहे, आम्ही किती वर्षं मागत होतो.

पण आमचं घर पलीकडे आणि शाळा, बाजार, दवाखाना सगळं अलीकडे. आणि पुलाच्या कठड्याला बाहेरून नगरपरिषदेची पाण्याची पाइप क्लॅम्प मारून नेलीय, सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलीय तरी गळतेच, शाळेतून येणारी पोरं तिथंच ओंजळ धरतात. पलीकडच्या सगळ्या वस्तीला पाणी त्याच पाइपमधून. पूल पाडताना तिचं काय करणार विचारलं तर एका ऑफिसात म्हणाले ते त्यांच्याकडे, दुसरीकडे म्हणाले ते कॉन्ट्रॅक्टरच्या एस्टिमेटमध्ये असेल. कुणाच्या गावात असं झालं असेल तर सांगा ना, आधी काय विचारावं?

बावधनकर
ताई, आम्ही पुण्यातल्या चांदणी चौकाच्या अगदी जवळ राहतो त्यामुळे यातून गेलोय. मुंबई बंगळुरू हायवेवरचा तो पूल, त्याखाली हायवेचा गळा आवळलेला, रोज संध्याकाळी कोंडी. काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं, जागा ताब्यात घेऊन द्यायची पुणे महापालिकेनं. भूमिपूजन झालं 2017 साली आणि नवीन सगळं सुरू झालं 12 ऑगस्ट 2023 ला. मधली वर्षं कशात गेली विचाराल तर बरीचशी जागेत. एकेका मालकाशी बोलणी, मोबदला किती, पैसे कुणी द्यायचे, तोवर सुटे सुटे खांब उभे आणि आम्ही त्यांच्यामधून गाड्या काढतोय.

मग 2022 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याकडे निघालेले मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतःच तिथं अडकले, लोकांनी गाऱ्हाणं घातलं, आणि पुढं दीडेक महिन्यात पूल पडलासुद्धा! 1 ऑक्टोबरच्या रात्री हायवे बंद केला आणि एकच्या सुमारास स्फोट. सुमारे 600 किलो स्फोटकं, तेराशेच्या आसपास भोकं पाडून भरलेली. आम्ही गच्चीवरून बघत होतो, आवाज झाला, धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसल्यावर बघतो तर पूल पूर्ण पडलाच नव्हता, काँक्रीट गळून गेलेलं आणि सळ्यांचं जाळं तसंच लटकलेलं. अंदाजापेक्षा स्टील जास्त निघालं म्हणाले. उरलेलं पोकलेननं ओढून काढलं आणि सकाळी हायवे चालू झाला.

सांगायचा मुद्दा, पूल पाडायला एक रात्र लागली आणि जागेला वर्षं लागली. तुमच्याकडे जागा नगरपरिषदेनं द्यायचीय म्हणताय ना, तर दोन्ही बाजूच्या ॲप्रोचची, म्हणजे पुलाला जोडणाऱ्या रस्त्याची, जागा आज कुणाच्या नावावर आहे, ताबा मिळालाय का, एवढं एकच आधी विचारा. ताबा नसेल तर जुन्या पुलाला हात लावू देऊ नका.

जुना_शाखा_अभियंता
बावधनकरांशी सहमत. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, सगळी नोकरी रस्ते आणि मोऱ्यांवर गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही पाइपचं विचारलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पूल खात्याचा, पाइप नगरपरिषदेची, आणि पूल पाडायचा तर पाइप आधी हलवावी लागते. याला युटिलिटी शिफ्टिंग म्हणतात. त्याचा खर्च एकतर पुलाच्याच एस्टिमेटमध्ये धरलेला असतो, नाहीतर नगरपरिषदेनं वेगळी तरतूद करायची असते. आणि बऱ्याच वेळा दोघांनाही वाटत असतं की समोरच्यानं धरलाय! मग कॉन्ट्रॅक्टरची मशीन येऊन उभी राहतात आणि पाइपचं टेंडरच निघालेलं नसतं. म्हणून एस्टिमेटची प्रत मागा, माहिती अधिकारात मागितली तरी चालेल, आणि त्यात पाइपची बाब आहे का ते डोळ्यांनी बघा. नव्या पुलावर पाइपसाठी वेगळी जागा, म्हणजे फुटपाथखाली डक्ट, ड्रॉइंगमध्येच दाखवलेली हवी. नाहीतर नव्या कोऱ्या पुलाला परत बाहेरून क्लॅम्प मारतील, मी असे पूल बघितलेत.

दुसरं म्हणजे वळण रस्ता. नदीत ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटच्या मोठ्या नळ्या, टाकून वर मुरूम टाकतात आणि त्यावरून वाहतूक सोडतात. पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं तरी दर वेळी तसंच होतं, कारण वर्क ऑर्डर निघेपर्यंत फेब्रुवारी मार्च उजाडतो. एका ठिकाणी आमचा वळण रस्ता जुलैत गेला आणि पलीकडच्या बाळंतीण बाईला लांबच्या पुलावरून फिरवून आणावं लागलं, ती सुखरूप होती पण ते मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे शक्य असेल तर जुना पूल ठेवून शेजारीच नवा बांधा असा आग्रह धरा. जागा नसेल तर पाडकाम पावसाळा संपल्यावरच सुरू करा, आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी सोय द्या.

सावित्रीकाठचा
मी महाडचा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी बस गेल्या माणसांसकट, कितीतरी दिवस नदीत शोध चालला होता. त्यावर जास्त लिहवत नाही. नवा पूल मात्र 165 दिवसांत उभा राहिला, 2017 च्या जूनमध्ये चालू झाला. लोक तेच उदाहरण देतात की बघा सरकारनं मनावर घेतलं तर होतं. होतं, पण शेजारी दुसरा पूल होता त्यावरून वाहतूक चालू राहिली आणि रस्ता आधीपासून महामार्गाचाच, घरंदारं हलवायची नव्हती. तुमच्याकडे गावाच्या मधोमध पूल आहे, त्यामुळे कुणी सहा महिन्यांत करतो म्हणालं तर आधी शिफ्टिंगचं आणि वळण रस्त्याचं विचारा.

आणि एक, बंदीचा बोर्ड असून ट्रॅक्टर जातात हे नव्या पुलाची वाट बघत सोडून देऊ नका. आजच पोलिसांना लेखी द्या, दोन्ही टोकांना उंचीची कमान लावायला लावा. पावसाळ्यात पाणी वाढलं की पूल बंद कोण करणार, कुणाच्या सांगण्यावरून, तेही विचारा. कळकळीनं सांगतोय.

बावधनकर
एक राहिलंच. आमच्याकडे रॅम्प झाले, सर्व्हिस रोड झाले, 865 कोटींचं काम, गाडीतून खरंच सुटसुटीत झालंय, कबूल. पण सुरू झालं तेव्हा चालत हायवे ओलांडायची धड सोय नव्हती. साताऱ्याकडची बस पकडायला बॅगा घेऊन माणसं पळत हायवे ओलांडायची, म्हाताऱ्या बायकासुद्धा. पादचारी पूल मागावा लागला, नंतर. तुमच्या ड्रॉइंगमध्ये फुटपाथ दोन्ही बाजूंना आहे का, किती रुंद आहे, आणि त्याला पुलाच्या टोकाशी उतरायला पायऱ्या आहेत का उतार, हे शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर घेऊन जाऊन विचारा.

नदीपलीकडची
खूप खूप आभार सगळ्यांचे. महाडच्या दादांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, खरंच. आज सकाळी मी आणि शेजारच्या वहिनी पुलावर जाऊन आलो, पाइपचे सगळे सांधे मोबाइलवर काढले, पंधरा क्लॅम्प आहेत, त्यातले चार निखळलेत. पाणीपुरवठ्याच्या माणसालाच तिथं बोलावलं तर तो म्हणाला मॅडम मलाही कुणी काही विचारलेलं नाही. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतेय, पाइप, फुटपाथ, ॲप्रोचची जागा आणि ट्रॅक्टर, चारही लिहिलंय. पाडकाम दिवाळीनंतर सुरू करा असंही लिहू का, की ते पीडब्ल्यूडीला वेगळं द्यायचं?

जुना_शाखा_अभियंता
एकच अर्ज करा, दोघांच्याही नावानं, आणि खाली प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला म्हणून लिहा. ट्रॅक्टरचं तेवढं पोलिस ठाण्याला वेगळं द्या. पाडकामाच्या तारखेचं त्यातच येऊ द्या. दोन्ही ऑफिसात आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. क्लॅम्पचे फोटो प्रिंट काढून जोडा, मोबाइलवर दाखवून काही होत नाही.