मॅनिफोल्डला पावडर कोटिंग नको

प्रीमियर पद्मिनी गाडीचं टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ), दोन्ही पावडर कोटिंगला देऊ का, असं विचारलंत. कव्हर जरूर द्या, मॅनिफोल्ड मुळीच नको. या कोटिंगमध्ये फवारलेली रंगाची पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्की होते. मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि थर जळून सुटतो. त्याला हीटप्रूफ रंगच हवा.

कोटिंगआधी जुना रंग काढायला कव्हर सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याला) देताना मात्र आतली बाजू झाकून द्या, हे कळकळीनं सांगतो. माझं कव्हर परत आलं तेव्हा छान दिसत होतं. उलटं करून ठोकलं, तर आतल्या दुमडीतून चिमूटभर वाळू तळहातावर पडली. ती ऑइलमध्ये उतरली असती तर बेअरिंगांची वाट लागली असती. चार वेळा डिझेलनं धुतलं, तेव्हा कुठे कचकच थांबली. गॅस्केट (ऑइल गळू नये म्हणून लावतात ती पट्टी) बसते त्या कडेलाही पावडर लागू देऊ नका.