माती बिघडली तरी पीक हिरवंगार असू शकतं
'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर उभारण्याच्या संगणक-खेळात कारखान्यांच्या प्रदूषणाने जमिनीची सुपीकता जाते, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण 'प्रदूषण वाढलं की पीक घटलं' एवढाच हिशेब मला अपुरा वाटतो. आमच्या इंदूरला कान्ह नदीच्या सांडपाण्यावर भाजीपाला होतो. अशा पाण्यात नत्र-स्फुरद असतं, त्यामुळे पीक उलट जोमाने वाढू शकतं! कॅडमियमसारखा विषारी धातू मात्र पालकाच्या पानांत साठत जातो आणि वरून काही कळत नाही. आम्लधर्मी जमिनीत तो जास्त शोषला जातो. आमच्या इंदूरकडची, म्हणजे माळव्याची काळी, चुन्याची माती त्याला बऱ्यापैकी धरून ठेवते. म्हणून या खेळासाठी मॉड (खेळात स्वतः केलेला बदल) करणार असाल तर पिकाची वाढ आणि पिकातला विषारी अंश हे दोन आकडे वेगळे ठेवाच. मातीचा सामूही (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) हिशेबात घ्या.