प्रॉपर्टी एजंटने जाहिरातीसाठी एकच प्लॅटफॉर्म धरावा, बाकीचे सोडावेत

पायपीट:
हे एकट्याने किंवा दोन-चार जणांच्या टीमवर काम करणाऱ्या एजंटांसाठी लिहितोय. मोठ्या बिल्डरांचं गणित वेगळं, त्यात पडत नाही.

बजेट बेताचं असेल तर फक्त मेटा घ्या. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही एकाच ॲड्स मॅनेजरमधून चालतात, एवढं पुरे. यूट्यूब, लिंक्डइन आणि उद्या जे काही नवं येईल ते बाजूला ठेवा. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मेटाच्या ॲड सेटला (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) 'लर्निंग फेज'मधून बाहेर यायला आठवड्याला साधारण 50 रिझल्ट लागतात. तोवर जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टिम चाचपडत असते आणि लीडचा, म्हणजे चौकशी करणाऱ्या एका माणसामागचा, खर्च रोज वरखाली होतो. हातात आहे ते बजेट चार ठिकाणी वाटलंत तर चारही कॅम्पेनं कायम चाचपडतच राहणार. मग महिनाअखेर 'सोशल मीडियाचा काही उपयोग नाही' म्हणून मोकळे.

दुसरं, घर घ्यायचा विचार लोकांच्या मनात वर्षवर्ष घोळत असतो. त्या काळात ते प्रॉपर्टीच्या साइटवर जातीलच असं नाही, रील्स मात्र बघतात.

ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासह लिहावं. 'आमच्याकडे चालतं' हे कारण धरणार नाही.

जमाखर्च:
कारणासह लिहितो. 50 रिझल्ट म्हणजे 50 कसले? जाहिरातीत भरून घेतलेल्या फॉर्मचे. तुम्ही सिस्टिमला फॉर्म भरणारी माणसं शोधायला सांगितलंत, तिने ती शोधून दिली. घर घेणारी माणसं शोध असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मेटाच्या इन्स्टंट फॉर्ममध्ये नाव, नंबर, ईमेल प्रोफाइलमधून आपोआप भरून येतात. बोट चुकून लागलं तरी लीड तयार. नंबर कधीकाळचा, ईमेल कॉलेजातला. फोन केला की 'मी कधी फॉर्म भरला?' लीड स्वस्त पडली म्हणून खूश होणारे लोक साइट व्हिजिटला, म्हणजे प्रत्यक्ष जागा बघायला आलेल्या माणसामागे, किती खर्च आला ते लिहून ठेवत नाहीत. दुसरा हिशेब मांडा, मग प्लॅटफॉर्म ठरवू.

पायपीट:
@जमाखर्च, हा फॉर्मचा दोष आहे, प्लॅटफॉर्मचा नाही. त्याच फॉर्मला 'हायर इंटेंट' असा प्रकार आहे. त्यात पाठवण्याआधी भरलेली माहिती तपासायचा एक टप्पा वाढतो. वर दोन प्रश्न स्वतःचे टाका: ताबा कधी हवा, कर्ज मंजूर आहे का. लीड कमी येतील, महाग पडतील, पण फोन उचलतील. आणि फॉर्म संध्याकाळी आला असताना फोन परवा सकाळी करणाऱ्याला कुठलाही प्लॅटफॉर्म वाचवू शकत नाही.

जमाखर्च:
म्हणजे लीड कमी आणि महाग. मग तुमचे आठवड्याचे 50 कुठून येणार? दोन्ही गोष्टी एकदम जमणार नाहीत.

तळटीप:
दोघंही गृहीत धरताय की टार्गेटिंग, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे निवडणं, हातात आहे. अनेक ठिकाणी ते आता हातात नाही, आणि घरांच्या जाहिरातीत तर मुद्दाम काढून घेतलंय.

अमेरिकेत घर दाखवताना वंश, लिंग, कुटुंब असे भेद करायला कायद्याने बंदी आहे. फेसबुकवर जाहिरातदार नेमके तेच भेद टार्गेटिंगमधून करू शकत होते. नागरी हक्क संघटनांनी कोर्टात खेचलं आणि 2019 च्या मार्चमध्ये तडजोड झाली. तेव्हापासून तिथे घरांची जाहिरात स्पेशल ॲड कॅटेगरीत टाकावी लागते. वय निवडता येत नाही, लिंग निवडता येत नाही, पिनकोड टाकता येत नाही. नकाशावर पिन टाकली तरी किमान 15 मैलांचा, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरचा परिघ धरला जातो. 'आपल्या ग्राहकांसारखे लोक शोध' हा लुकअलाइक ऑडियन्सही बंद. तसेच नियम पुढे कॅनडात आणि युरोपातल्या काही देशांत आले. गूगलनेही 2020 च्या ऑक्टोबरपासून अमेरिका आणि कॅनडात घरांच्या जाहिरातींसाठी वय, लिंग, वैवाहिक स्थिती, पालकत्व आणि पिनकोड ही टार्गेटिंग बंद केली. म्हणजे यूट्यूबवर गेलात तरी पळवाट नाही.

तेव्हा 'मेटाचं टार्गेटिंग भारी' हे ऐकून प्लॅटफॉर्म निवडणाऱ्यांनी आधी आपल्या देशात त्यातलं काय उरलंय ते बघावं. नियम चुकवून कॅटेगरी न लावता जाहिरात टाकली तर ती नाकारली जाते. पुन्हा पुन्हा केलं तर अकाउंटवर निर्बंध येऊ शकतात.

पायपीट:
@तळटीप, उत्तम माहिती, पण ती माझ्याच बाजूची आहे. टार्गेटिंग गेलं की गाळण्याचं काम फोटो आणि मजकूर करतात. पहिल्याच ओळीत किंमत, खोल्या आणि भाग लिहा. ज्याला परवडत नाही तो पुढे जाईल, ज्याला हवं तो थांबेल, आणि कोण थांबतंय ते पाहून सिस्टिम शिकेल. फक्त 'स्वप्नातलं घर' लिहिणारे मात्र मरतील, आणि मरू देत.

तळटीप:
इतकं सरळ नाही. 2019 मध्ये नॉर्थईस्टर्न आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या संशोधकांनी फेसबुकवर खऱ्या जाहिराती चालवून पाहिल्या. टार्गेटिंग सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, तरी फक्त चित्र आणि मजकूर बदलल्यावर जाहिरात वेगवेगळ्या गटांना दाखवली गेली. घरांच्या जाहिरातींतही हे दिसलं. भेद माणसाने केला नव्हता, वाटप करणाऱ्या अल्गोरिदमने केला होता. पुढे 2022 मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड करताना मेटाला हे वाटपच सुधारायचं कबूल करावं लागलं. सिस्टिम 'शिकते' तेव्हा ती काय शिकते हे तुम्हाला दिसत नाही, एवढंच म्हणायचंय.

निवांत:
इथे सगळे लीड लीड करतायत. मी यूट्यूबच्या बाजूने.

आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी माणूस अनोळखी एजंटच्या भरवशावर करत नाही. यूट्यूबवर स्किप करता येणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर टाळता येते. व्ह्यूवर, म्हणजे पाहण्यामागे पैसे अशी, बोली लावली असेल तर पैसे तेव्हाच लागतात जेव्हा समोरच्याने 30 सेकंद पाहिलं, त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा क्लिक केलं. पहिल्या पाच सेकंदांत भाग आणि किंमत बोलून टाका, नको असलेली माणसं फुकटात निघून जातील. @पायपीट यांचं गाळणं इथे जास्त चांगलं होतं. शिवाय व्हिडिओ चॅनलवर राहतो, सर्चमध्ये सापडत राहतो. पैसे थांबले की मेटाची जाहिरात संपली.

पायपीट:
आणि तो व्हिडिओ काढणार कोण? एजंट सकाळपासून चाव्या घेऊन फिरतोय. इन्स्टाला फोनवर उभ्याने काढलेली एक मिनिटाची रील चालते, अंधाऱ्या पॅसेजसकट. यूट्यूबवर लोक टिकायला बोलता यावं लागतं, आणि आपल्यातले निम्मे कॅमेऱ्यासमोर शपथविधीला उभे राहिल्यासारखे बोलतात.

गाळामालक:
सगळे राहत्या घरांबद्दल बोलताय. ऑफिस, गोदामं, दुकानं भाड्याने देणाऱ्यांचं काय? तिथे जागेचा निर्णय घेणारी माणसं कंपनीत ठरलेल्या पदांवर असतात: ॲडमिन हेड, फॅसिलिटी मॅनेजर, छोट्या कंपनीत स्वतः संचालक. पद, हुद्द्याची पातळी, कंपनीचा आकार, उद्योग हे सगळं लिंक्डइनवर निवडता येतं. क्लिक महाग आहे, कबूल. पण वर्षात मोजके सौदे करणाऱ्याला गर्दी नको असते. तिथे किमान 300 जणांचा ऑडियन्स चालतो. आम्हाला तेवढे पुरतात. एकच प्लॅटफॉर्म धरायचा हे मान्य, पण तो मेटाच का?

पायपीट:
@गाळामालक, व्यापारी जागांसाठी मान्य. मूळ पोस्टमध्ये 'राहती घरं' असं घालतो.

चाळता चाळता:
सगळ्यांना एक प्रश्न. ॲड अकाउंट कोणाच्या नावावर आहे? जाहिराती बाहेरच्या माणसाला चालवायला दिल्या आणि अकाउंट, पेज, पिक्सेल (वेबसाइटवर कोण काय करतं ते टिपणारा कोड) सगळं त्याच्याच बिझनेस मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या व्यावसायिक खात्यात, असेल, तर तो गेला की तुमचा आजवरचा डेटाही गेला. प्लॅटफॉर्मवरून भांडण्याआधी हे तपासा. ग्राहकांची यादीही फक्त ॲपमध्ये ठेवू नका. 2020 च्या जूनमध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेले फॉलोअर्स कोणालाही बरोबर नेता आले नाहीत.

जमाखर्च:
शेवटचा मुद्दा योग्य, आणि तो माझ्याही मुद्द्याला जोडता येतो. कोणत्या लीडने साइट व्हिजिट केली, कोणी टोकन दिलं, ही माहिती तुमच्या वहीत असते. ती कन्व्हर्जन्स एपीआयमधून (आपल्याकडची माहिती मेटाला थेट पाठवायची सोय) मेटाला परत पाठवता येते, म्हणजे फॉर्मऐवजी व्हिजिटवर शिकवता येतं. ॲपलने 2021 च्या एप्रिलमध्ये आयफोनवर ॲपच्या ट्रॅकिंगला परवानगी सक्तीची केल्यावर मेटाला दिसणारी माहिती आटली, त्यामुळे तर हे जास्तच लागतं. जो एजंट हे करतो त्याने मेटावर राहावं. जो करत नाही त्याला तिथे स्वस्त फॉर्मच मिळणार. @पायपीट, यावर काय?

पायपीट:
व्हिजिटवर शिकवायचं तर आठवड्याला 50 व्हिजिट लागतील. एकट्या एजंटकडे तेवढ्या होत नाहीत. म्हणून फॉर्मवरच चालवायचं, पण प्रश्न कडक ठेवायचे.

जमाखर्च:
मग 50 चा नियम तुम्हीच सोडलात.

पायपीट:
सोडला नाही, फॉर्मसाठी तोच आहे. आणि जमत नसेल तर चार ॲड सेटचा एक करा. चार प्लॅटफॉर्म करू नका.