केनी जीच्या आधीचा ग्रोव्हर

काही जण म्हणतात की स्मूद जॅझ, म्हणजे जॅझचा मऊ, सुरेल प्रकार, म्हणजे नुसता सॅक्सोफोनवाला केनी जी आणि लिफ्टमध्ये वाजणारं म्युझिक. अहो पण केनी जीच्या आधी सॅक्सोफोनवाला ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर होता की! जन्म १९४३, अमेरिकेतल्या बफेलोचा, आई चर्चमध्ये गाणारी आणि वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे, त्यामुळे आठव्या वर्षीच पोराच्या हातात सॅक्स आला. मग सैन्यात भरती, तिथे ड्रमर बिली कोबमशी ओळख, त्याने न्यूयॉर्कच्या कलाकारांशी गाठ घालून दिली, आणि नंतर मुक्काम फिलाडेल्फियात.

खरी मजा १९७१ची. निर्माता क्रीड टेलरच्या कुडू या रेकॉर्ड कंपनीचं रेकॉर्डिंग ठरलेलं, सॅक्सवाला हँक क्रॉफर्ड येऊ शकला नाही, आणि ग्रोव्हर मुळात टेनर सॅक्सवाला, तरी त्याहून छोटा ऑल्टो सॅक्स घेऊन त्याच्या जागी उभा राहिला, तोच त्याचा पहिला अल्बम! नशीब म्हणा, पण तयारी नसती तर नशीब काय कामाचं.

पुढे 'मिस्टर मॅजिक' हा अल्बम, मग १९८०चा 'वाइनलाइट', ज्यातलं बिल विदर्सने गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' १९८१मध्ये बिलबोर्डच्या अमेरिकन गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. गाणं सगळ्यांना माहीत, सॅक्सवाल्याचं नाव कुणाला नाही, हे मला जाम खटकतं. त्याच अल्बममध्ये बास्केटबॉलपटू डॉ. जेसाठी पण एक ट्रॅक आहे बरं का, पठ्ठ्या फिलाडेल्फियाच्या सिक्सर्स या बास्केटबॉल टीमचा कट्टर फॅन होता.

गेला १९९९च्या डिसेंबरमध्ये, न्यूयॉर्कला टीव्हीसाठी चार गाणी वाजवून झाली आणि तिथेच कोसळला, हार्ट अटॅक. ५६ वय फक्त. 'वाइनलाइट' रात्री हेडफोन लावून ऐका, मग बोलू लिफ्टबद्दल.